खिळ्याला अडकलेले शर्ट

दुपारी तीनच्या सुमाराला रफूवालीच्या खोलीत ऊन यायचं आणि दोरीवरच्या शर्टांत शिरून बसायचं. मग वाऱ्याची झुळूक आली की शर्ट फुगायचे, एकेक खांदा हलवायचे, बाह्या उचलून काहीतरी सांगायला बघायचे. सगळे आकाशी, सगळे मागच्या सरकारी शाळेचे. काम करता करता रफूवालीची मान कलायची आणि तिला अर्धवट झोपेत वाटायचं, शाळा सुटली, मुलं घरात आली, आता पाणी मागतील. डोळे उघडले की मुलं नसायची. नुसते शर्ट असायचे.

कागदोपत्री तिला नाव होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. आख्खी गल्ली तिला रफूवाली म्हणायची आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे. उलट मान ताठ व्हायची. कारण शिवणारे पुष्कळ असतात, पण फाटलेलं होतं हेच पुसून टाकणारे थोडे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून सूत काढायचं, ते सुईत ओवायचं, आणि भोकाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक आडवं, एक उभं, असं पुन्हा कापड विणायचं. काम झालं की ती गिऱ्हाइकापुढे शर्ट धरायची आणि म्हणायची, "शोधा बघू कुठे होतं." गिऱ्हाईक शोधायचं, उजेडाकडे धरायचं, हात टेकायचं. रफूवाली तोंडावर पदर धरून हसायची. तेवढी एक मिजास तिला होती, आणि ती तिला शोभून दिसायची.

ही विद्या तिला मावशीनं दिली होती, आणि विद्येबरोबर एक नियमही. मावशी दिवसभर खिडकीपाशी बसून रफू करायची आणि गिऱ्हाइकाकडे मान वर करूनसुद्धा बघायची नाही. "आपल्याला कापड दिलंय," ती सांगायची, "गोष्ट नाही दिली. कसं फाटलं ते विचारायचं नाही. विचारलंस की माणूस पुन्हा येत नाही." रफूवालीनं तो नियम वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला. लोक काय काय घेऊन यायचे! तिला कापडावरून सगळं कळायचं, पण ताकास तूर लागू द्यायची नाही.

आता या शाळेचा एक कायदा होता. फाटका गणवेश घालून आलेल्या मुलाला फाटकातूनच घरी पाठवायचं. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा, टापटिपीवर भारी जीव. त्यामुळे शर्ट फाटला की आया त्याच संध्याकाळी धावत रफूवालीकडे यायच्या. पूर्वी महिन्याकाठी एखादा यायचा. दिवाळीत दुकानात गर्दी व्हावी तशी या सहामाहीत अचानक रीघ लागली.

"खिळ्याला अडकून फाटला," पहिली आई म्हणाली.

"बाकाचा खिळा," दुसरी म्हणाली.

"मेली ती शाळा, खिळेच खिळे," तिसरी म्हणाली आणि पटकन दुसरीकडे बघू लागली.

रफूवाली हं हं म्हणायची आणि शर्ट घ्यायची. खिळ्यानं फाटलेलं कापड तिला झोपेतही ओळखता आलं असतं. खिळा कापडाला काटकोनात चिरतो, काठ स्वच्छ राहतात. हे शर्ट तसे नव्हते. इथे सूत आधी ताणलं गेलं होतं, लांबलं होतं, आणि मग तुटलं होतं. हे हाताचं काम. मुठीत धरून ओढल्याचं. आयांना हे ठाऊक होतं, पण त्यांची पोरं खिळा म्हणत होती आणि तोंडाला कुलूप घालून बसत होती. त्यापुढे आया काय करणार?

रफूवालीच्या जिवालाही घोर होताच. तिची भिंगरी याच शाळेत सातवीत. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्याला एकदा घरी यायचा आणि बराचसा झोपायचा. म्हणजे काळजी करायचं कामही हिचंच. रोज संध्याकाळी भिंगरी आली की रफूवाली आधी तिचा शर्ट बघायची, मग तोंड. कॉलर ठीक, खांदे ठीक, बटणं जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडायचा. सगळ्या गल्लीतल्या मुलांचे शर्ट फाटत होते आणि हिच्या मुलीच्या शर्टाला साधी सुरकुतीसुद्धा पडत नव्हती.

"तुझी भिंगरी बरी बाई," बेकरीवाली एकदा म्हणाली होती. "तिच्या वाटेला कोणी जात नाही. आमचा टिल्लू म्हणजे नुसता लोण्याचा गोळा."

रफूवालीला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

मग एका मंगळवारी टिल्लूचा हात मोडला. शाळेच्या जिन्यावरून पडला. पाय घसरला, असं तो म्हणाला, आणि त्याच्या वर्गातली एकूणएक मुलं तसंच म्हणाली, पाठ केल्यासारखं. बुधवारी बेकरीवाली शर्ट घेऊन आली. हातांना अजून पीठ लागलेलं, डोळे सुजलेले.

"पाय घसरला तर शर्ट कसा फाटेल गं?" तिनं विचारलं. "शनिवारी पालकांची सभा बोलवायला लावलीय मी. कॅमेरे लावा म्हणावं, पहारेकरी वाढवा, दप्तरं तपासा, काय वाट्टेल ते करा. अशी जनावरासारखी पोरं आत सोडायची का आपण?"

रफूवालीनं शर्ट हातात घेतला. नियमाप्रमाणे काही विचारलं नाही.

त्या दुपारी तिनं तो शर्ट उजेडाकडे धरला. ऊन फाटलेल्या जागेतून आत आलं आणि तुटलेली सुतं एकेक करून दिसू लागली. ती सगळी एकाच बाजूला झुकलेली होती, झोपलेल्या गवतासारखी. उजवा खांदा. कॉलरपासून चार बोटं खाली. समोरून धरलेलं, खाली आणि बाहेर ओढलेलं. रफूवालीचे हात थांबले. डोक्याला आठवत नव्हतं ते हातांना आठवलं. पहिला शर्ट, उजवा खांदा. दुसरा, उजवा खांदा. तो निळ्या बटणांचा, तो बाहीला शाई सांडलेला, तो दोनदा आलेला. सगळे उजवे खांदे. समोर उभं राहून कोणी उजव्या हातानं धरलं, तर डावा खांदा फाटतो. उजवा फाटायला धरणारा डावखुरा लागतो.

टेबलावर तिच्या कात्रीशेजारी दुसरी एक कात्री पडली होती. लहान, हिरव्या मुठीची, उलट्या पात्याची. ती तिनं तीन दुकानं पालथी घालून आणली होती, कारण भिंगरीला साधी कात्री धरता येत नसे.

रफूवालीनं ती कात्री उचलून खणात ठेवली आणि खण लोटला. जणू खण लोटल्यानं काही होणार होतं.

शाळेत डावखुरं पोर काय एकच असतं, तिनं मनाला सांगितलं. मन कुठलं ऐकतंय! पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. गुरुवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ती सुई बाजूला ठेवून खिडकीत जाऊन उभी राहिली. खोली वरच्या मजल्यावर, त्यामुळे बोळ आणि भिंत ओलांडून सगळं मैदान दिसायचं. इतकी वर्षं ते मैदान तिच्या खिडकीत होतं आणि तिनं ते नीट पाहिलं नव्हतं. शेकडो आकाशी ठिपके धावत होते, एकमेकांत मिसळत होते, पुन्हा सुटत होते. इथवर आवाज नीट येत नव्हता, नुसती गुणगुण यायची. सगळं मैदान उन्हात तरंगत होतं. पण नळाशेजारचा एक कोपरा तेवढा हलत नव्हता.

तिथे पाच-सहा मुलं उभी होती, हात बाजूला सोडून. मध्ये एक लहान मुलगी. आणि तिच्यासमोर भिंगरी. दोन वेण्या, सकाळी रफूवालीनंच घातलेल्या. भिंगरीचा डावा हात त्या मुलीच्या खांद्यावर होता. ती मारत नव्हती. नुसतं धरलं होतं, आणि तोंड जवळ नेऊन काहीतरी सांगत होती, अगदी सावकाश. ती मुलगी मान हलवत होती. मग घंटा झाली आणि सगळं पुन्हा हललं.

रफूवाली खाली बसली. 

संध्याकाळी भिंगरी आली. शर्ट स्वच्छ, कॉलर ताठ. "आई, भूक लागली," म्हणाली, डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं गृहपाठ केला, आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेली. रफूवाली तो हात बघत राहिली. लहानसा हात. अंगठ्यावर शाईचा डाग. विचारावं, असं दहादा ओठांवर आलं. पण वीस वर्षांची सवय अशी एका संध्याकाळी सुटत नाही. तिनं टिल्लूचा शर्ट पुढे ओढला आणि रफू करायला घेतला. आयुष्यात केलं नसेल इतकं सुरेख. सुतात सूत असं मिसळलं की तिचं तिलाच ओळखू येईना. ती काय करत होती ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी हात चालत राहिले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सभा भरली. सातवीचा वर्ग. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, त्यामुळे रागावलेला माणूसही जरा विनोदी दिसत होता. मुलं बाहेर व्हरांड्यात थांबली होती. खिडक्यांतून त्यांची डोकी दिसायची, पुन्हा बुडायची.

प्रत्येकाकडे एक तोडगा होता. वेल्डर म्हणाला, भिंत उंच करा, मी जाळी बसवून देतो. कुणी म्हणालं, बाहेरची टवाळ पोरं आत येतात. कुणी म्हणालं, कॅमेरे. कुणाचे वडील म्हणाले की मी तर मुलाला सांगितलंय, एक खाल्लीस तर दोन देऊन ये, आणि त्यावरून वेगळंच भांडण पेटलं.

मोठ्या बाई सगळं ऐकून घेत होत्या. बाई वाईट नव्हत्या. नऊशे मुलं, दोन पहारेकरी, त्यातला एक कायम रजेवर. त्यांनी तक्रारींची वही उघडून सगळ्यांना दाखवली. पानं कोरी करकरीत.

"एकाही मुलाची तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "मारामाऱ्या होत असत्या तर काही दिसलं असतं ना? रोज प्रार्थनेला मी रांगेतून फिरते. एकाच्याही गणवेशाचा टाका उसवलेला नसतो. मूल जिन्यावरून पडलं, मलाही वाईट वाटतंय. पण तुम्ही सगळे सुतावरून स्वर्ग गाठताय."

बेकरीवाली ताडकन उठली. तिनं पिशवीतून टिल्लूचा शर्ट काढला, रफूवालीकडून आला तसा, घडीही न मोडलेला, आणि टेबलावर टाकला. "मग हा बघा! त्या दिवशीचा आहे. खांद्यावर टराटरा फाटलेला!"

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. शर्ट उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेऊन धरला.

"कुठे?"

बेकरीवालीनं शर्ट ओढून घेतला. खांद्यावरून बोट फिरवलं, इकडून, तिकडून. तिला सापडेना. "इथेच होता," ती म्हणाली. "देवाशप्पथ, इथेच." मागे कुणीतरी खुसकन हसलं. तिचा चेहरा लाल झाला, आणि मग ती वळली आणि सगळा वर्ग तिच्याबरोबर वळला. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, रफूवाली बसली होती.

"तू सांग की गं," बेकरीवाली म्हणाली. "तू तर शिवलास."

रफूवालीला सगळं लांबून दिसत होतं, पाण्याखाली बसल्यासारखं. नुसतं मान हलवून "मला नाही आठवत" म्हटलं की झालं. शर्ट कोरा राहील, वही कोरी राहील, भिंगरी सोमवारी दोन वेण्या घालून शाळेत जाईल. आणि नळाशेजारी उभी राहील. खिडकीत टिल्लू दिसत होता, गळ्यात हात अडकवलेला. तो कुणाकडे तरी बघत होता आणि बघायचं टाळतही होता. भिंगरी कुठे उभी असणार, हे रफूवालीला वळून न बघताही कळलं.

ती उठली. पोलक्याला खोचलेली सुई काढली. टेबलापाशी येऊन तिनं शर्ट पसरला, डोळे मिटून उजव्या खांद्यावर बोट ठेवलं, आणि सुईच्या टोकानं आपलं एक सूत वर उचललं. ओढलं. मग दुसरं.  आपलंच उत्तम काम माणूस आपल्या हातानं उसवतो तेव्हा जसा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता. चार-पाच सुतं निघाली आणि खांदा अचानक उघडला. वीतभर.

"मुलांना आत बोलवा," ती म्हणाली.

मुलं आली. ती एकेकाला बोटानं जवळ बोलवायची, खांद्यावर हात ठेवायची, आणि जागा शोधायची. "हलू नकोस हं राजा." सूत सुटायचं. खांदा उघडायचा. निळ्या बटणांचा शर्ट. शाई सांडलेला शर्ट. मुलं अगदी शांत उभी राहिली होती, रडलं नाही कुणी. उलट एकेक खांदा उघडला की ते मूल लांब श्वास सोडायचं, आणि खिडकीतून येणारा वारा त्या फटीतून आत शिरायचा. आठ झाले. रफूवालीच्या हातात आकाशी सुताचा पुंजका जमला.

"सगळे उजवे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "समोरून, डाव्या हातानं ओढलेले. खिळा नाही कुठे. मला पहिल्यापासून दिसत होतं, खिळा नाही ते. मी विचारलं नाही कुणाला." ती थांबली. "माझी मुलगी डावखुरी आहे. मी तिला खिडकीतून पाहिलंय."

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. काढून टाका, कुणी म्हणालं. आणि हिनं झाकून ठेवलं, दुसरं कुणी म्हणालं, आणि ते खरंच होतं.  बेकरीवालीनं उघड्या खांद्याचा शर्ट घडी करून छातीशी धरला आणि रफूवालीकडे बघत राहिली. ती शिव्या देती तर सोसलं असतं. मोठ्या बाईंनी वही ओढली, पेन उघडलं, आणि पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली.  "सोमवारी मुलीला घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि या आठजणांनाही. मीही बसते. कॅमेऱ्याचं नंतर बघू."

घरी जाताना भिंगरी पाच पावलं मागे होती. बोळात दोघींच्या चपला वाजत होत्या. जिना चढून झाला, दार लागलं, तेव्हा ती बोलली.

"तू सगळ्यांसमोर सांगितलंस."

"हो."

"मला काढून टाकतील."

"माहीत नाही मला."

"आई म्हणे!" भिंगरी ओरडली. तिचे ओठ वाकडे झाले होते, पण रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. "त्या सगळ्यांचे शर्ट बघितलेस. एकेक सूत बघितलंस. माझा बघितलास?"

"तुझा रोज बघते मी. तुझा कधी फाटलाच नाही."

"फाटला होता," भिंगरी म्हणाली. "मागच्या वर्षी. मी सांगितलं खिळा, आणि तू हं म्हणालीस."

 रफूवालीनं पलंगाखालची पेटी ओढली. लहान झालेले कपडे त्यात घडी घालून ठेवले होते. सहावीतला शर्ट तळाशी निघाला. तिनं तो मांडीवर पसरला आणि शोधू लागली. उजेडाकडे धरला, उलटा केला, बोटं फिरवली. ऊन खोलीत आलेलं होतं, दोरीवरचे शर्ट हलत होते. तिला जागा सापडेना. गिऱ्हाइकांना सापडायची नाही, तशी आज तिलाही सापडेना. एवढं चांगलं काम तिनं केलं होतं.

भिंगरी जवळ आली. तिनं शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा हात पुढे करून तिनं डाव्या खांद्यावर, कॉलरपासून चार बोटं खाली, बोट टेकवलं.

"इथे."

रफूवालीनं सुई घेतली. सूत उचललं, ओढलं, आणखी एक ओढलं.  भिंगरी बोट न उचलता तिथेच टेकून बसली होती. शेवटी कापड उघडलं. सुतं सगळी एका बाजूला झुकलेली, लांबून मग तुटलेली.

रफूवालीनं सुई खाली ठेवली आणि वीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कसं फाटलं गं हे?"